पायाखालची सतार

अहो, ऐकलंत का? या इकडे, गडग्याशी या जरा. झावळ्या राहू देत, त्या उद्याही तिथेच पडलेल्या असणार. खालच्या आळीतल्या काकूंचा नातू, पुण्याला कंपनीत आहे तो, त्याच्या सतारीच्या डब्याचं पुढे काय झालं ते कळलं का तुम्हाला? गणपतीतलं नाही हो, ते अख्ख्या मुरुडला माहीत आहे. एकदऱ्याच्या हळदीतलं!

थांबा, पण गणपतीतलंसुद्धा तुम्हाला अर्धंच माहीत असणार. तुम्ही पुढे फुगडीला होतात, मी मागे खांबाशी. मला सगळ्यांची तोंडं दिसत होती.

तर तो डबा. कंपनीचं नाव नाही घेत मी, उगाच कशाला. किमतीचं तर विचारूच नका. काकू म्हणतात बारा हजार, सूनबाई म्हणते अठरा, आणि ज्याने पार्सल आणून दिलं तो पोरगा नुसता हसतो. गिटारीची वायर त्यात खुपसायची, पायाने बटण दाबायचं, की गिटारीतून सतार! श्रावणभर त्याने तो व्हिडिओ ज्याला त्याला दाखवला. मलाही दाखवला, आमच्याच पडवीत. एक दाढीवाला गोरा माणूस डोळे मिटून वाजवतोय, मागे दिवा, उदबत्ती... आणि खोटं का बोलू, सतारच हो ती. अगदी झण्णकन. काकूंनी तर बोटं मोडली दृष्ट काढायला. कुणाची काढली देव जाणे, नातवाची की दाढीवाल्याची.

गौरी जागवायच्या रात्री याने गिटार काढली. आधी डबा पेटेचना. त्याला नऊ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, आणि त्यातही मायनस आत हवा, प्लस बाहेर. हा घाईत भलताच घेऊन आला होता. शेवटी मंडपाच्या साउंडवाल्याने कुठून तरी एक काढून दिला. वायर लावली आरतीच्या स्पीकरला. लाल दिवा लागला, पोरं टाळ्या पिटायला लागली, सूनबाईने मोबाईल धरला शूटिंगला. आणि मग...

अहो, पेटी होती काळी एकमध्ये. आणि या डब्यातल्या तरफा, म्हणजे सतारीला खाली त्या गुंजणाऱ्या तारा असतात ना, त्या निघाल्या भलत्याच सुरात! डब्यावर बटण असतं म्हणे, कुठला सूर धरायचा ते सांगणारं. व्हिडिओतल्या माणसाने ई लावला होता, म्हणून यानेही ई. गिटारीची जाडी तार ईचीच असते, त्या माणसाला ते सोयीचं. पण आमच्या भजनी मंडळाचं काय? पेटीवाल्या बुवांनी भाता दाबायचाच सोडला. आणि आपले गुरुजी, मिरजेला शिकलेले, त्यांनी इतक्या शांतपणे विचारलं, "बाळा, या तरफा कुणाशी बोलतायत?" तेव्हा सूनबाईचा मोबाईल हळूच खाली गेला, तो मी पाहिला. काकू निरांजनात तूप घालायला लागल्या. निरांजन भरलेलंच होतं!

तर काय सांगत होते... हां, गुरुजी. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम काकूंच्या ओटीवर जाऊन बसले. मी विरजणाला म्हणून गेले होते, खरंच विरजणाला. गुरुजी म्हणाले, अरे, तो झंकार कुठून येतो माहीत आहे का? जवारीतून. सतारीची घोडी असते रुंद, तिची पाठ कानशीने घासून घासून असा उतार द्यायचा की तार कंप पावताना तिला हलकेच चाटत राहते. म्हणून सूर विरता विरता त्याचा रंग पालटतो. मिरजेत पिढ्यान् पिढ्या हेच करणारी घराणी आहेत. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, ते काय उगाच? आणि मींड? सतारीवर एका पडद्यावरून तार आडवी खेचली की चार-पाच सुरांपर्यंत जाता येतं. तुझ्या गिटारीवर दीड सूर गाठेपर्यंत बोटं सोलवटतील.

पोरगाही काही कमी नाही हं. म्हणतो, गुरुजी, अमेरिकेत 1967 मध्ये कोरल नावाची इलेक्ट्रिक सतार निघाली होती. व्हिन्सेंट बेलने बनवलेली. गिटारीसारखीच वाजवायची, पण घोडी सपाट आणि वर तेरा तरफा. गुरुजी म्हणाले, मग त्याने निदान घोडी तरी बदलली! तू तर नुसता पाय आपटतोयस. पोराचं तोंड असं उतरलं...

मला वाईट वाटलं हो. कारण माझं विचाराल तर डबा खोटा नाही, व्हिडिओही खोटा नाही. पण तो दोन मिनिटांचा. त्यात तो माणूस तेवढंच वाजवतो, जेवढं डब्याला झेपतं. एकेक सूर सुटा, सावकाश, मध्ये श्वास घेऊन. आवाज नंतर घोटून घेतलेला. आपल्या याने सगळ्या तारा एकदम खाजवल्या, खाली आरतीचा स्पीकर, बाजूला झांजा. मुलगी बघायला जातो तेव्हा पोहे किती छान असतात! पण रोजचे पोहे कोण करणार, ते त्या दिवशी कोण सांगतंय?

आता खरी गंमत. तुळशीचं लग्न झालं आणि एकदऱ्यात याच्या मित्राची हळद निघाली. हा गिटार घेऊन गेला, डबा पिशवीत. ऐन रंगात बेंजोवाल्याची तार तुटली. मागे ढोलकी चालूच, नवरदेवाची मावशी अर्ध्या नाचात हात वर करून उभी... कुणीतरी ओरडलं, "अरे तो पुण्याचा कुठाय?" याने काय केलं, डब्यातल्या तरफा पार बंद, तो झंकार पूर्ण वर, आणि कोळीगीताची चाल एका तारेवर धरली. अहो, बेंजोच! थोडा घसा बसलेला, पण बेंजो. रात्री दोनपर्यंत सोडला नाही त्याला. मावशीने नोटा ओवाळून टाकल्या!

हे गुरुजींच्या कानावर घातलं कुणी... मीच घातलं, पण ते जाऊ दे. मला वाटलं चिडतील. तर हसले. म्हणाले, बेंजो तरी मूळचा कुठला? जपानात नागोयाला 1912 मध्ये तैशोगोतो म्हणून वाद्य निघालं, ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, त्याला पिकअप लावला तो आपला हळदीतला बेंजो. वर पोराने त्यांना आणखी एक ऐकवलं. गिटारीचा आवाज फाटका करणारा तो फझचा डबा असतो ना, मेस्ट्रोचा, 1962 मधला? तो विकताना रेकॉर्ड काढली होती, गिटारीतून सॅक्सोफोन ऐका, चेलो ऐका. दुकानदारांनी हजारोंनी मागवला, आणि मग पडून राहिला. कारण सॅक्सोफोन हवा असेल तर माणूस सॅक्सोफोनवाला बोलावील ना! पुढे 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने एका गाण्यात तो वापरला. तोही तात्पुरता, त्या जागी नंतर ब्रास वाजवून घेऊ म्हणून. पण रेकॉर्ड तशीच बाहेर पडली आणि डबे दुकानात उरेनात. गुरुजी ऐकत राहिले, मान हलवत. त्यांनी मान हलवलेली मी गौरीनंतर पहिल्यांदा पाहिली.

आणि आता ताजी बातमी. पोराला दुसरा डबा हवाय. कोर्ग कंपनीचा, मिकू म्हणून. गिटार वाजवली की त्यातून जपानी बाहुली गाते! व्हिडिओ दाखवून झाला सगळ्यांना. काकूंनी विचारलं, "आरती म्हणते का रे ती?" हा म्हणतो, "नाही आज्जी, जपानीतच गाते." काकूंनी बटवा कमरेला खोचला तो खोचलाच. सूनबाई म्हणाली, पहिल्याचे अठरा आधी वसूल कर.

आणि गुरुजी? अहो, गुरुजी म्हणाले, "मागव. माझे पाचशे धर त्यात."