पाच हजार केल्विनचा अण्णा

चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे वळलात आणि मार्गासनीच्या अलीकडे समोरून एकदम सूर्य उगवला, तर घड्याळ बघू नका. रात्रीचे साडेनऊच वाजलेले असतात. समोर अण्णा आहे. गाडी कडेला घ्या, डोळे मिटा, तोंडात येईल ती शिवी हासडा आणि डोळ्यांपुढचा जांभळा ठिपका विरेपर्यंत गप उभे राहा. ठिपका विरायच्या आत तो गाडी वळवून तुमच्या काचेशी येतो आणि विचारतो, "कसा वाटला उजेड?"

नाव अण्णाच असेल असं नाही. भोरात तो बापू असतो, आंबवड्याला आबा, कापूरहोळला नुसताच शेठ. गाडी बोलेरो असो नाहीतर तिसऱ्या हातची वॅगन-आर, टायर गुळगुळीत झालेले, वायपरचं रबर लोंबतंय, मागचा एक लाल दिवा गेल्या दिवाळीपासून लागत नाही. पुढचे बल्ब मात्र या महिन्यातले. तुमच्या गाडीला अजून कंपनीचेच बल्ब आहेत हे कळलं की तो तुमच्याकडे अशा नजरेने बघतो, की तुम्ही घरी विचारपूस करायला आलेल्या सोयऱ्यांसमोर उघडे पडल्यासारखे होता.

कंपनीच्या हॅलोजन बल्बचा उजेड साधारण ३२०० केल्विनचा. पिवळसर, घरगुती. नाना पेठेतल्या एका दुकानदाराने अण्णाला एकदा सांगितलं की हा आकडा जितका चढेल तितका उजेड पांढरा. त्या दिवसापासून अण्णाच्या आयुष्यात दुसरं माप उरलं नाही. हॉटेलात चहा आला की कपात डोकावून म्हणतो, "अडीच हजार. दूध वाढव." जेजुरीला गेलो होतो. माणसं येळकोट येळकोट करत भंडाऱ्यात न्हालेली, आणि हा डोळे किलकिले करून पायरीवर उभा. म्हणाला, "अठ्ठावीसशे." पुतणीच्या हळदीला त्याने मांडवातले सगळे बल्ब काढून पांढरेशुभ्र लावले. हळद लावलेली नवरी त्या उजेडात हिरवट दिसायला लागली, आणि वरमाय "पोरीला कावीळ तर नाही ना" म्हणून कुजबुजत हिंडत होती. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं तेव्हा मी मुद्दाम वर बोट दाखवलं. अण्णाने चंद्राकडे गिऱ्हाइकासारखं पाहिलं. "चार हजार शंभर," म्हणाला. मग जरा थांबून, "सेटिंग मात्र बरोबर आहे. कुणाच्या डोळ्यांत जात नाही."

हा केल्विन कोण, असा प्रश्न त्याच्या घरात फक्त म्हातारीला पडला. भाटघरचं धरण १९२८ साली पुरं झालं, त्याला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं नाव दिलं होतं. म्हातारीच्या लेखी ते अजून लॉइड साहेबाचं धरण. तेव्हा केल्विन हाही असाच कुणी साहेब असणार, हा तिचा हिशेब. "ह्यानं कुठलं धरण बांधलं रं?" हिशेब फार चुकलेला नव्हता. विल्यम थॉमसन हा ग्लासगोचा शास्त्रज्ञ. १८९२ साली त्याला उमरावकी मिळाली तेव्हा त्याने विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं नाव घेतलं. म्हणजे भोरच्या माणसाने लॉर्ड नीरा व्हावं, तसं. नदी होती, धरण तेवढं नव्हतं.

बल्ब बदलण्याचा सोहळा एकदा जवळून बघावा. एरवी अण्णा भातखाचरातून आला की चिखलाचे हात पँटला पुसून जेवायला बसतो. त्या दिवशी साबणाने दोनदा हात. बॉनेट उघडून तीन पिनांचा सॉकेट हलवत हलवत ओढायचा. मागची रबरी टोपी सोलायची. तारेची क्लिप दाबून बाजूला करायची. हे सगळं मुकाट्याने. मग खोक्यातून नवा एच-४ काढायचा, तोही लेकीच्या धुतलेल्या रुमालाने, बुडाशी धरून. काचेला बोट लागता कामा नये. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. हे खरंच आहे. बुडाच्या कडेला तीन कान असतात, ते तीन खाचांत बसले की बारीकसा आवाज येतो. तो आवाज ऐकायला अण्णा श्वास रोखतो. "बसला," म्हणतो, आणि भोवती जमलेली पोरंही श्वास सोडतात.

पुढचा विधी भिंतीचा. नीट बसवलेल्या दिव्याच्या डिपरचा उजेड भिंतीवर टाकला की वरून कापल्यासारखी रेघ दिसते. उजवीकडे ती सपाट, डावीकडे थोडी वर चढलेली. म्हणजे कडेने चालणारा दिसावा आणि समोरून येणारा दिपू नये. हे अण्णाला तोंडपाठ आहे. गावात एवढी मोठी कोरी भिंत मारुतीच्या देवळाचीच. तेव्हा सप्ताह चालू होता. अण्णाने गाडी आणून लावली आणि दिवे पेटवले. रेघ भिंतीवर पडायची ती सभामंडपात शिरली आणि थेट विणेकऱ्याच्या तोंडावर स्थिरावली. आता सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. दोन्ही हात गुंतलेले, डोळ्यांवर धरायला तिसरा हात नाही. तो बिचारा मान डावीकडे, मान उजवीकडे करत नाम घेत राहिला आणि अण्णा लांबून ओरडत होता, "जरा खाली वाका, लेव्हल घेतोय!"

पाच हजारावर तो थांबता तर बरं होतं. नंतर १०० वॅटचे आले. त्यांनी सॉकेट वितळवला आणि गाडीत आठवडाभर जळक्या प्लॅस्टिकचा वास होता. मग रिले आणि जाड वायर. मग आठ हजारवाले झेनॉन, ज्यांच्या उजेडात सबंध आळी शवागारासारखी निळी दिसायची. मग पंखेवाले एलईडी. साध्या एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची एवढीशी वाटी असते, आणि भिंतीवरची ती रेघ त्या वाटीच्या जिवावर असते. परावर्तक त्या तारेच्या आणि वाटीच्या मापाने बनवलेला. त्यात भलतंच काही बसवलं की उजेड वाट फुटेल तिकडे जातो, झाडावरच्या घुबडाकडेसुद्धा.

मुळात पाच हजारचा हॅलोजन हीच गंमत आहे. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे ३७०० केल्विनच्या आतच. तार पाच हजारपर्यंत तापेल कशी? ती तापतच नाही. काचेला निळसर लेप दिलेला असतो, तो पिवळा-तांबडा उजेड अडवतो, आणि जो उरतो तो पांढरा दिसतो. म्हणजे जादा पैसे मोजून अण्णा कमी उजेड घरी आणतो. मी हे त्याला कागदावर आकृती काढून समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही पाणी गाळूनच पिता ना?"

कायदाही सांगून पाहिला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १०६ वा नियम म्हणतो की दिव्यापासून ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा माणसाला दिव्याने दिपवता कामा नये. (पूर्वी ट्रकवाले हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवत. त्यांना हे आकडे माहीत नसतील, पण समोरच्याला डोळे असतात एवढं माहीत होतं.) अण्णाने टेप आणली, आठ मीटर मोजले, अर्धा मीटर उजवीकडे सरकला आणि मेव्हण्याला उभं केलं. दिवे लावून विचारलं, "दिपतं का?" "छे!" मेव्हणा म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याला अण्णाकडून ट्रॅक्टरच्या हप्त्याला उसने पैसे हवे होते. नियम पाळला गेला.

या जातीचे दोघे समोरासमोर आले की काय होतं, तेही पाहिलंय. भोर-आंबवडे रस्त्यावर एका अरुंद पुलाशी इकडून अण्णा, तिकडून कुणी आबा. याने अप्पर मारला, त्याने अप्पर मारला. डिपर द्यायला कुणी तयार नाही. दोन्हीकडे गाड्या तुंबल्या. अण्णाच्या मागे दुधाचा टेम्पो होता, त्याचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला. शेवटी दोघेही दार आपटून उतरले. आता हाणामारी होणार म्हणून आम्ही धावलो, तर दोघे एकाच बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. "सहा हजार का?" "साडेसहा." "पंखा आवाज करत नाही?" टेम्पोवाला दूध नासेल म्हणून ओरडत होता आणि हे दोघे एकमेकांचे मोबाइल नंबर घेत होते.

वरंधा घाटाने मात्र अण्णाचा एकदा हिशेब चुकता केला. सप्टेंबरचे शेवटचे दिवस, घाट नुकताच वाहतुकीला खुला झालेला, महाडहून परत येत होतो. खिंडीच्या खाली धुकं उतरलं. अण्णाने उत्साहाने होतं नव्हतं ते सगळं पेटवलं, आणि बॉनेटच्या पुढे चुना फासलेली भिंत उभी राहिली. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानाने बरेच मोठे असतात, ते रंगाचा भेदभाव करत नाहीत. जेवढा उजेड वर फेकाल तेवढा तुमच्याच तोंडावर परत. ओल्या डांबराने उरलासुरला गिळला. शेवटी दिवे मंद करून आम्ही एका जुनाट टेम्पोच्या मागे लागलो. त्याचे दिवे पिवळे, मिणमिणते आणि खाली पडलेले. त्याला पुढचे दहा हात दिसत होते आणि तेवढे त्याला पुरत होते. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळेच हेडलाइट सक्तीचे होते, असं मी सांगितलं. "म्हणून मागं राहिले," अण्णा म्हणाला, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

वाघजाईपाशी भजी खायला थांबलो. आणि तिथे, केल्विनचं नावही न काढता, तो भलतंच काही बोलला. त्याची वाडी केळदकडची. बाप मुंबईला हमालीला. सणाला मुक्कामी एसटीने यायचा, म्हणजे यायचा कधी, नाही कधी. गाडी लांब वळणावर असतानाच समोरच्या डोंगरावर पिवळा उजेड सरकताना दिसायचा आणि पोरं रस्त्याला पळायची. "पण उजेड असला मिचमिचा, मास्तर, की उतरलेला माणूस अंगावर येईस्तवर कळायचा नाही. दर खेपेला वाटायचं, बा आला. जवळ आल्यावर दुसराच कुणी." एवढं बोलून त्याने भज्यांची दुसरी प्लेट सांगितली आणि चहावाल्याला दूध वाढवायला लावलं.

त्यामुळे मी त्याला माफ केलं, असं नाही. पण आता लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो. आडवाटेच्या वाडीत रात्री कुणाला साप चावला, कुणाच्या सुनेला कळा लागल्या, तर पहिला फोन अण्णाला जातो. तो कारण विचारत नाही, फक्त कुठल्या वळणाशी उभं राहायचं ते सांगतो. तोरण्यावरून उतरताना पुण्याची पोरं अंधारात वाट चुकली होती, तेव्हा त्याने बोलेरोची पुढची चाकं उंचवट्यावर चढवली, तोंड डोंगराकडे केलं आणि दिवे पेटवून फोनवर ओरडत राहिला, "उजेडाकडं या! उजेड सोडू नका!" पोरं खाली आली तेव्हा गाडीची बॅटरी पार उतरली होती आणि गाडी त्यांनाच ढकलायला लागली. ढकलताना त्यांना पाच हजार केल्विनचं महत्त्व ऐकावं लागलं ते वेगळंच.

यंदा अण्णाने नवी गाडी घेतली. कंपनीचेच एलईडी दिवे, मुळातच पांढरे. पहिल्या संध्याकाळी तो बॉनेट उघडून उभा राहिला आणि बराच वेळ आत बघत होता. ना क्लिप, ना टोपी, ना बल्ब. मेकॅनिक म्हणाला, "यात बदलायला काही नसतं. गेला तर अख्खा दिवाच बदलायचा." अण्णाचा चेहरा मुलगी सासरी गेलेल्या बापासारखा झाला. त्यात शनिवारी राजगड-तोरण्याला येणाऱ्या पुण्याच्या गाड्या. एकजात पांढऱ्या दिव्यांची रांग विंझरच्या वळणावरून येते, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, कुणी थांबून "कसा वाटला" विचारत नाही. परवा त्यातल्याच एका गाडीने आम्हाला असं दिपवलं की अण्णाला गाडी चरात घालावी लागली. डोळ्यांवर हात धरून तो म्हणाला, "आंधळं करतात साले. माणुसकी म्हणून नाही."

मी काहीच बोललो नाही. तो उतरला, बंपरच्या खालच्या बाजूला वाकला आणि मला हाक मारली. तिथे दोन नवे कोरे फॉगलॅम्प बसवलेले. बटण दाबलं तर चरातलं गवत हळदीसारखं पिवळं.

"तीन हजार केल्विन," अण्णा म्हणाला. "पांढरं काय, आजकाल कुणीही लावतं."