काय होतंय ते सांग

गाडीला काय झालंय हे सांगायला आलेल्या माणसाला नाना पहिल्याच वाक्याला अडवतात. "नाना, बॅटरी गेलीये," असं कोणी म्हणालं की ते चष्मा कपाळावर सरकवतात. "बॅटरी गेली की राहिली ते मी बघेन. तू काय होतंय ते सांग."

"चालू होत नाहीये."

"म्हणजे? सेल्फ फिरतो का? फिरतो तर झटक्यात फिरतो की रडतरडत? की नुसता टक् करून गप्प? हेडलाइट लावून सेल्फ मारलास? लाइट मंद झाले की होते तसेच राहिले?"

समोरच्याला साडेनऊला ऑफिसात पोचायचं असतं. नानांना कुठेच पोचायचं नसतं. ओझरच्या एचएएलमधून रिटायर होऊन त्यांना जमाना झाला.

असे नाना नाशकात कॉलनीगणिक एक निघतात, आणि त्याला कारण आहे. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला, सातपूरला मायको आली, पुढे महिंद्रा आली. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना तर इंग्रजांच्या काळापासूनचा. या कारखान्यांनी शहराला पगार दिले, बोनस दिले आणि साठीनंतर घरी बसलेली, व्हर्निअर कॅलिपर देवघराशेजारच्या कपाटात ठेवणारी एक आख्खी पिढी दिली. पुण्यातला निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्राला पत्र लिहितो. नाशकातला बॉनेट उघडतो.

आमच्या इंदिरानगरच्या नानांकडे १९९३ सालची मारुती आठशे आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्ब्युरेटर, डॅशबोर्डवर ओढायचा चोक. मूळ रंग पांढरा होता असं आरसी बुकात लिहिलंय. "मिग जुळवलाय आम्ही, ही तर आठशे," हे नानांचं आवडतं वाक्य. मिगची इंजिनं ओडिशातल्या कोरापूटला बनायची आणि ओझरला बनायचं ते विमानाचं धड, ही माहिती कॉलनीत दोघातिघांना आहे. पण नानांकडे कधी ना कधी प्रत्येकाचं काम पडतं, त्यामुळे ती कोणी काढत नाही.

नानांच्या तपासणीचा निम्मा भाग कानाचा. पेशंटने आवाज काढून दाखवायचा, आणि तो नीट काढायचा. "टकटक की टिकटिक? नीट सांग, दोघांत चार हजारांचा फरक आहे." स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की येते ती टकटक: एक्सलचा जॉइंट गेला, आणि तो जाण्याआधी त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं असणार, ते कोणी बघितलं नसणार. इंजिनच्या डोक्यावरून येते ती टिकटिक: टॅपेट ढिले. सकाळी सुरू करताच कींऽऽ आणि मिनिटभरात बंद: पट्टा सैल. स्पीडबरोबर चढणारं घूंऽऽ, वळणावर कमीजास्त होणारं: चाकाचं बेअरिंग. बँकेत मॅनेजर असलेला माणूससुद्धा नानांच्या ओट्यावर उभा राहून तोंडाने "घूंऽऽ" करतो, आणि नाना म्हणतात, "आता डावीकडे वळल्यावरचा कर."

उरलेला निम्मा भाग डोळ्यांचा. गॅलरीत चहा पिता पिता नाना रस्त्यावरच्या गाड्यांचे धूर वाचतात. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. "हेड गॅस्केट," ते खालून गेलेल्या अनोळखी माणसाच्या पाठीकडे बघून हळहळतात. "ऑईलचं झाकण उघडून बघ म्हणावं, खाली दुधी चिकटा सापडेल." कोण कोणाला सांगणार? गाडी तोवर इंदिरानगरच्या बोगद्यापलीकडे गेलेली असते.

शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी शिकण्यापुरती म्हणून एक सेकंडहँड आठशे घेतली. ती मिसिंग करायला लागली. गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर बदलायला सांगितला. "तो जे विकतो तेच बिघडतं," नाना म्हणाले आणि मॅडमना रात्री आठनंतर गाडी घेऊन बोलावलं. का रात्री, ते सांगितलं नाही.

इंजिन चालू ठेवून त्यांनी जाड रबरी हातमोज्याने पहिल्या प्लगची टोपी उपटली. इंजिन लडखडलं, मरायला टेकलं. "हा कामाला आहे." टोपी परत बसवली. दुसऱ्याची काढली. इंजिनला पत्ता नाही, आधी जसं धडपडत होतं तसंच. "हा झोपलाय." मग इंजिन बंद करून दुसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा दुसऱ्यात. तेवढंच, बाकी काही नाही. पुन्हा चालू. अजूनही दुसराच झोपलेला. "म्हणजे प्लग निर्दोष. आता, अगं, ओट्यावरचा लाइट घालव." काकूंनी लाइट घालवला. नानांनी कपड्यांना पाणी मारायच्या बाटलीतून वायरवर एक फवारा मारला, आणि अंधारात दुसऱ्या प्लगच्या वायरीतून इंजिनच्या अंगावर निळी ठिणगी चट्चट् उड्या मारताना सगळ्यांना दिसली. जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. वायरीचं रबर तडकलं होतं. करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच पळून जात होता. नवी वायर बसली, मिसिंग गेलं, कार्ब्युरेटर जिथल्या तिथे राहिला.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि फुकटची आधी, स्वस्तातली नंतर, महाग शेवटी. हा नानांचा धर्म. त्याला जोडून एक सिद्धांतही आहे: जुन्या गाडीचे सगळे रोग दोनच ठिकाणांहून येतात, अर्थिंग आणि आधीचा मेकॅनिक. लाइट मिणमिणतो? अर्थिंग. हॉर्न दिला की वायपर हलतो? अर्थिंग. काहीच पटत नाही असा दोष? मग आधीच्या मेकॅनिकने पाना न घालता पकडीने आवळलेला नट शोधा. सोसायटीच्या पाण्याच्या पंपापासून जावयाच्या स्वभावापर्यंत नाना हाच सिद्धांत लावतात, आणि जावयाच्या बाबतीत काकू त्याला दुजोरा देतात.

काकूंचा या संसारातला हुद्दा टॉर्च धरणाऱ्याचा. "जरा वर... माझ्या डोळ्यात नको गं, डेल्कोवर," हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं. पण त्यांच्या आठवणीतला मानाचा प्रसंग कसाऱ्याचा. मे महिन्यात कल्याणचं लग्न आटोपून परत येताना भर दुपारी घाटात गाडी बंद पडली. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू. नानांनी बॉनेट उघडून इंजिनवर बसवलेल्या पेट्रोल पंपाला बोट लावलं, बोट झटकन मागे घेतलं आणि प्रसन्न झाले. "व्हेपर लॉक! पंप तापला, आत पेट्रोलची वाफ झाली. वाफ ओढून इंजिन काय चालणार?" लग्नात आहेराला मिळालेला टॉवेल पिशवीतून काढला, प्यायच्या पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळला, आणि दोघं कठड्यावर बसून आहेराच्याच डब्यातले बुंदीचे लाडू खात राहिले. पंप निवला, गाडी इगतपुरी चढली. आहेरात टॉवेलबरोबर मिळालेली टोपी मात्र कधीच उपयोगी पडली नाही, असं काकू अजून सांगतात.

नानांचे शत्रू दोन. पहिला, वर सांगितलेला आधीचा मेकॅनिक. दुसरा, स्कॅनर घेऊन येणारा पोरगा. डॅशबोर्डखाली वायर खुपसायची, मोबाइलवर आकडा वाचायचा आणि म्हणायचं, "ऑक्सिजन सेन्सर." चौथ्या गल्लीत एकाने तो सेन्सर बदलला, आठवड्याने पिवळा दिवा पुन्हा पेटला. नानांनी बॉनेट उघडून नुसता कान दिला. इनटेकजवळची बोटभर रबरी नळी तडकून फुसफुस हवा ओढत होती. जास्तीची हवा आत जाते, धुरात ऑक्सिजन वाढतो, सेन्सर ते इमानेइतबारे कळवतो. "त्याने खरं सांगितलं," नाना म्हणाले, "आणि तुम्ही त्यालाच फाशी दिलीत."

पण त्याच पोरग्याने एकदा परतफेड केली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची नवीकोरी गाडी चालू होईना. नानांनी इंजिनवरचं प्लास्टिकचं झाकण काढलं, टर्मिनल घासलं, फ्यूज तपासले, चारी बाजूंनी फिरून अर्थिंगचा संशय व्यक्त केला. पोरगा आला, आत बसला, डावा पाय पुरता दाबला आणि बटण दाबलं. गाडी चालू. क्लच दाबल्याशिवाय ती चालू व्हायचीच नाही, तशी तिची बनावटच होती. क्षणभर कोणी बोललं नाही. मग नाना झाकण बसवत म्हणाले, "याला बिघाड नाही म्हणत, शिस्त म्हणतात. मी बिघाड शोधत होतो."

याच डॉक्टरांकडे नाना छातीत जळजळ होते म्हणून गेले. खुर्चीत बसताबसता म्हणाले, "डॉक्टर, व्हॉल्व्हचा प्रॉब्लेम दिसतोय. कॉम्प्रेशन ठीक आहे." डॉक्टर म्हणाले, "नाना, काय होतंय ते सांगा." अ‍ॅसिडिटी निघाली. काकूंनी हा किस्सा दुसऱ्या दिवसापर्यंत चारी गल्ल्यांत पोचवला.

आठशे पोसणं आता सोपं राहिलेलं नाही. कंपनीने ती २०१४ सालीच बनवायची बंद केली. सातपूर-अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ साली उठवला, तेव्हा नानांनी घरात सुतक पाळल्यासारखं तोंड केलं होतं. डाव्या दाराची काच वरखाली करायचं हँडल तिथे गेल्याशिवाय मिळत नसे. पेठ रोडच्या आरटीओत २०१८ ला पुनर्नोंदणीची फी सहाशे होती, २०२३ ला तीच पाच हजार झाली. नानांनी ती मोजून दिली आणि पावती लॅमिनेट केली. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावून इशारा दिला: इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, नळ्या बदला. "वाइनच्या राजधानीतली गाडी, नाना, थोडी घेतली तर बिघडलं कुठे?" असं एकजण बोलून गेला. त्याच्या नळ्या नानांनी सगळ्यात शेवटी बघितल्या.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. नानांनी तो टीव्हीवर उभं राहून बघितला. मग खाली जाऊन आठशे चालू केली, दहा मिनिटं चालू ठेवली आणि बंद केली. "ती गेली, ही आहे," एवढंच बोलले.

एक दोष मात्र नानांना अजून सापडलेला नाही, कारण तो त्यांच्यातच आहे. गाडी आठवडाभर बिनतक्रार चालली की ते बेचैन होतात. निफाडला पारा घसरल्याची बातमी आली की भल्या पहाटे स्वेटर घालून खाली उतरतात. चोक ओढून गाडी पहिल्या सेल्फला उठली तर चेहरा पडतो. मग पॉइंट काढून फीलर गेज लावून बघतात, ते बरोबरच असतात, तरी पॉलिश पेपर मारतात. दसऱ्याला बाकीचे गाडीला झेंडू वाहतात, नाना कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकतात आणि हार दुपारी घालतात. चांगली गाडी ही त्यांच्या लेखी नीट न तपासलेली गाडी.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं. उद्या सकाळी तुमची जुनी गाडी टक् करून गप्प बसली तर लगेच नवी बॅटरी आणायला पळू नका. आधी टर्मिनल सोडवा, पहिल्यांदा निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. वर साचलेलं पांढरं-हिरवं किटण गरम पाण्याने धुवा, कोरडं करून पॉलिश पेपरने चकचकीत घासा, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी लावून गच्च आवळा, वरून बोटभर व्हॅसलिन. पुष्कळ गाड्या एवढ्यावर उठतात. नाहीच उठली तर बॅटरी तपासून घ्या, कमजोर निघाली तर बदला. पण हे सगळं नाना उठायच्या आत उरका, नाहीतर त्या दिवशी रजा टाका.