साधी सुईसुद्धा टोचू देईनात

अहो वहिनी, झाडांना पाणी मग घाला, आधी इकडे कुंपणाशी या. कोपऱ्यावरच्या मावशींची धाकटी पोचली की मलावीला! नर्सिंगवाली हो. मुंबईहून आदिस अबाबा, तिथून लिलोंग्वे, आणि पुढे जीपनं तळ्याकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या दवाखान्यात.

आता खरी गंमत ऐका. मावशी सगळ्या आळीला सांगत होत्या ना, पोरगी प्राण वाचवायला निघाली म्हणून? तिथे तिला कुणी साधी सुईसुद्धा टोचू देईना! तिकडच्या नर्सिंग कौन्सिलात नोंदणी होईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही म्हणाले. मावशींचा नुसता तिळपापड. मी म्हटलं, बरोबरच आहे त्यांचं. उद्या कुणी गोरी मॅडम मिरजेत उतरून थेट तुमच्या नातवाला इंजेक्शन द्यायला लागली तर चालेल तुम्हाला?

मग बसवली तिला वजनकाट्यापाशी. आडव्या वाशाला काटा टांगलेला, त्याला चड्डीसारखी झोळी, त्यात पोर लटकवायचं. पोर हातपाय झाडतं, काटा थरथरतो, आणि आकडा वाचेपर्यंत हिच्या अंगावर धार! पाच वर्षांखालच्या मुलांचा दिवस असला की आया पाठीला चितेंजे बांधून, म्हणजे त्यांचं ते रंगीत कापड हो, त्यात बाळ घेऊन कोसभर चालत येतात. आणि काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या मिळून गाणं म्हणतात, मच्छरदाणी लावा, हात धुवा असलं. आपल्याकडे लाऊडस्पीकर लावला तरी कुणी ऐकत नाही.

दंडाला गुंडाळायची ती लाल-पिवळी-हिरवी पट्टी असते बघा आपल्या अंगणवाडीत? तीच तिथे. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे भर पावसाळा. घरातला मका संपलेला, नवा अजून शेतात, त्यात हिवताप. त्यामुळे पट्टी लालवर यायला वेळ लागत नाही. अशा पोरांना शेंगदाणा, दूधपावडर, साखर, तेल यांची लापशीसारखी पेस्ट पुडीतून देतात. चिपोंडे म्हणतात. मावशी लगेच, मग मी दाण्याचे लाडू पाठवते! म्हटलं, अहो, ते औषध आहे, मापून देतात.

आणखी एक मला फार आवडलं. तिथे पेशंटचं सगळं टिपण एका वहीत असतं, आणि ती वही पेशंटनंच सांभाळायची. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बायका जपून आणतात म्हणे. नाहीतर आमचे हे! मागच्या वर्षीचा शुगरचा रिपोर्ट विचारा, अख्खं कपाट उपसतील.

डॉक्टर? डॉक्टर नाहीच तिथे. क्लिनिकल ऑफिसर म्हणून असतात, ते एमबीबीएस नव्हेत, पण जिल्ह्याच्या इस्पितळात सिझेरियनसुद्धा तेच करतात. ही म्हणते, त्यांच्याकडून शिकायला मिळालं तरी पुष्कळ. मावशींना हे काही पटत नाही. त्यांच्या मते पोरगी शिकवायला गेलीये.

बरं, तुमच्या ओळखीत कुणी तिकडे जाणारं आहे का? आफ्रिका म्हणून मावशींनी सगळे सुती कपडे भरले आणि स्वेटर काढून ठेवला. जून-जुलैत तिथे चांगलीच थंडी पडते म्हणे.