माझी भिजकी वही

मी दहावी पास झालो तेव्हा ताईने मला दोनशे पानी वही दिली. इतरांच्या बहिणी घड्याळ देतात. माझी बहीण शाळेत मराठी शिकवायची. पहिल्या पानावर तिने वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘कवितांसाठी’. तोवर मी एकच कविता लिहिली होती. ती पावसावर होती, शाळेच्या हस्तलिखितात आली होती आणि तिच्यात ‘पाणी’ला ‘गाणी’ जुळलं होतं. त्या दोन शब्दांची वसुली ताई पुढे चाळीस वर्षं करत राहिली.

कवींनी आपल्याला प्रेरणा दिली, असं लोक सत्काराच्या भाषणात सांगतात. माझ्या बाबतीत तसलं काही झालं नाही. मी एकेक सबब काढायचो आणि ताई एकेक कवी माझ्या अंगावर सोडायची.

बँकेत लागल्यावर मी म्हणालो, “ताई, दिवसभर आकडेमोड करून डोकं शिल्लक राहत नाही गं.”

“मर्ढेकर रेडिओत नोकरीच करत होते,” असं म्हणून तिने ‘काही कविता’ पुढ्यात टाकलं. पहिल्या वाचनात मी पिपातल्या उंदरांच्या कवितेपाशी अडलो आणि तीन रात्री ते उंदीर काही डोक्यातून जाईनात. १९४७ साली निघालेल्या या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले होते, ही माहिती मात्र मला फार कामाची वाटली. मी म्हणालो, “माझ्यावर असा खटला झाला तर बँक घरी बसवेल.”

“खटला भरायला आधी कविता लागते,” ताई म्हणाली.

मग मी शिक्षणावर गेलो. माझं कॉमर्स. त्यावर बहिणाबाई आल्या. त्यांना अक्षरओळखसुद्धा नव्हती. शेतात राबताना, जात्यावर दळताना सुचलेली त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक निघालं, तेव्हा त्या हयात नव्हत्या. मला ही पद्धत पसंत पडली. मी मुलाला सांगितलं, “मी आंघोळ करताना जे गुणगुणतो ते लिहून घेत जा.” त्याने एकदाच लिहून घेतलं. कागदावर होतं, ‘गीझर बंद कर.’

जागा नाही म्हणालो, तर नारायण सुर्वे आले. गिरणीत राबलेला, शाळेत शिपाई असलेला आणि पुढे मास्तर झालेला माणूस १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ घेऊन उभा राहतो, आणि मी दोन खोल्यांत टेबल मावत नाही म्हणून रडतो! ते पुस्तक वाचल्यावर शरम वाटून मी टेबल घेतलं. त्यावर आजतागायत इस्त्रीचे कपडे असतात.

पन्नाशीला मी ताईचंच शस्त्र तिच्यावर उलटवलं. “बालकवींना जळगावच्या कविसंमेलनात १९०७ साली ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते. माझं वय गेलं.”

ताईने शांतपणे अरुण कोलटकर काढले. पहिला मराठी संग्रह १९७७ साली, पुढचे थेट २००३ साली. मी हिशेब केला. मधल्या पंचवीस-सव्वीस वर्षांचं मौन मी चोख पाळलं होतं. फक्त त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा संग्रह तेवढा राहिला होता. कोलटकरांच्या ‘भिजकी वही’ या संग्रहाशी तर माझं थेट नातं निघालं. त्या पावसाळ्यात माळ्यावर गळती लागली आणि ताईची दोनशे पानी वही खरोखरच भिजली.

गेल्या वर्षी ताईचे डोळे अधू झाले. आता दर रविवारी मी तिला कविता वाचून दाखवतो. इतकी वर्षं या कवींच्या कचाट्यातून सुटायला म्हणून वाचत होतो. मोठ्याने वाचताना कळलं की अर्ध्याअधिक कविता पाठ आहेत. मधेच एका कडव्यावर आवाज फुटेना, तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि चाळीस वर्षांतली पहिली खरी सबब सांगितली.

“ताई, मला हे येत नाही.”

ती बराच वेळ गप्प राहिली. या सबबीवर तिच्या कपाटात कवी नव्हता.

“मग जे येतं ते लिही,” ती म्हणाली. “आणि आधी ते कडवं पुरं कर.”

वही वाळवून मी हा लेख तिच्यात लिहिला आणि रविवारी ताईपुढे ठेवला. तिने भिंग घेतलं, लाल पेन घेतलं आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या.