घुबड कुठे बसतं?

अहो, ऐकलंत का? आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर जे रामायण झालं ते? म्हणजे थोडंफार तुमच्या कानावर आलंच असणार म्हणा, मुलुंडात काय लपून राहतंय. पण तुमच्याकडे ते नाहूरच्या ताईंकडून आलं असेल, आणि त्या आपला स्वतःचा भाग गाळून सांगतात. या, जरा अशा अलीकडे या. ॲडमिनकाका खाली गाडी पुसतायत.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलेली. सकाळी सकाळी ग्रुपवर एक नवा नंबर. कोणी ॲड केला ते अजून कोणी कबूल करत नाही! नावाच्या जागी नुसतं एक टिंब. डीपीला लक्ष्मी, कमळातली, नाणी बिणी पडतायत ती. बरं, आल्यावर माणूस नमस्कार करतो, 'मला पक्ष्यांची आवड आहे' म्हणतो, निदान एक गुलाबाचं फूल टाकतो. छे! एकदम प्रश्न: 'मुलुंडमध्ये घुबड कुठे बसतं? कोणत्या झाडावर? किती वाजता येतं?'

काय सांगू तुम्हाला. एरवी कावळ्याच्या फोटोलासुद्धा 'वा, सुंदर, अप्रतिम' म्हणणारा आमचा ग्रुप, चिडीचूप. दिवाळीच्या तोंडावर घुबड कुठे बसतं म्हणून कोण विचारतं, ते काय आम्हाला माहीत नाही? लक्ष्मीचं वाहन ना ते, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या सुमाराला ती पकडून नेतात, जादूटोण्याला विकतात. 1972चा वन्यजीव कायदा आहे, दरवर्षी पक्ष्यांवाले कंठशोष करतात, तरी चालूच. आणि या माणसाच्या डीपीला खुद्द लक्ष्मी! नाहूरच्या ताईंनी तर तिथेच जाहीर केलं, 'मांत्रिक आहे.'

तसं घुबडाची जागा कोणालाच उघड सांगायची नाही हा आमचा नियमच आहे. ई-बर्डवर नाही का, काही नाजूक पक्ष्यांची नेमकी जागा लपवूनच ठेवतात? एकदा पत्ता फुटला की दुसऱ्या दिवशी झाडाखाली पन्नास कॅमेरे, त्यातले दहा फ्लॅशवाले. पक्षी बिचारा जाईल नाही तर काय करेल. तेव्हा नियम चांगलाच हो, मी कुठे वाईट म्हणते. पण नियम पाळणं वेगळं आणि...

तर काय सांगत होते, लगेच दुसरा ग्रुप निघाला. तोच ग्रुप, फक्त तो टिंब वगळून. तिथे काय काय तर्क! एक म्हणे डीलर, एक म्हणे बिल्डरचा माणूस, झाड तोडायच्या आधी चौकशी करतोय. ॲडमिनकाका बँकेतून रिटायर, त्यांनी केवायसी केल्यासारखा नंबर ट्रूकॉलरवर टाकला. आणि काय आलं असेल? 'गॅस रिपेअर'! झालं. 'बघा, म्हटलं नव्हतं?' असं चौघांनी लिहिलं. आता गॅस रिपेअर करणाऱ्याचा मांत्रिकाशी काय संबंध ते मला विचारू नका. पण त्या दिवशी सगळ्यांना तो अगदी स्पष्ट दिसत होता.

आणि सगळ्यात कडक कोण, माहिती आहे? नाहूरच्या ताई. 'हल्ली कोणीही येतं, ग्रुपचा दर्जा राहिला नाही.' अहो, यांना ग्रुपवर येऊन जेमतेम सहा महिने! पहिल्या आठवड्यात दयाळाचा फोटो टाकून 'ही कुठली चिमणी' म्हणून विचारलं होतं, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे. पण ठाण्याहून भरून आलेल्या लोकलमध्ये मुलुंडला जी बाई कशीबशी लोंबकळत चढते ना, तीच भांडुपला दारात उभी राहून ओरडते, 'जागा नाही, मागच्या गाडीने या!' आधीपासून खिडकीत बसलेल्या काही बोलत नाहीत. त्या झोपलेल्या असतात.

बरं, तो टिंब तरी गप्प बसावा की नाही? नाही बसला. त्याच संध्याकाळी आमच्या लेन्सवाल्या भाऊंनी फोटो टाकला. भाऊ तुम्हाला माहीतच आहेत, ती बझूकासारखी... जाऊ दे. 600ची लेन्स, अंगात पानाफुलांचं जॅकेट, जंगलात कमी आणि गोशाळा रोडवर जास्त घालतात. फोटो मात्र सुरेख हो. पळसमैनांचा थवा, लालभडक पांगाऱ्यावर. खाली लिहिलेलं, 'योगी हिल्स, काल संध्याकाळी.' धडाधड टाळ्या पडल्या. मीही दिल्या. आणि मध्येच टिंबाचा मेसेज: 'काल काढला तर पांगाऱ्याला फुलं कशी? पांगारा शिमग्याच्या आसपास फुलतो ना?'

अहो, ऑक्टोबर महिना! घामाच्या धारा लागलेल्या. पळसमैना आलेल्या असतात तोवर, ते खरं, पण पांगारा? तो फुलतो फेब्रुवारी-मार्चात, अंगावर एक पान नसताना. आम्हा इतक्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. भाऊंच्या नावापुढे 'टायपिंग' आलं. गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. मी भाजी गॅसवर ठेवून बघत बसले होते, खोटं कशाला सांगू. शेवटी आलं काय, तर 'ग्रुपची शिस्त नवीन सदस्यांना समजावून सांगावी.'

मग तर त्या दुसऱ्या ग्रुपवर मतदानच लागलं, काढायचं की ठेवायचं. 'काढा'ला अंगठ्यांचा ढीग. आणि तेवढ्यात आमच्या झूलॉजीच्या मॅडम बोलल्या. त्या कधी बोलत नाहीत, हे लक्षात घ्या. खिडकीतल्याच म्हणा ना त्या. त्यांनी एवढंच विचारलं, 'सलीम अली आपल्या ग्रुपवर आले असते, तर तुम्ही काय केलं असतंत?'

'फेटे बांधले असते,' भाऊ म्हणाले.

'कधी आले असते यावर आहे ते,' मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी लिहिलं ते वाचून मी खरंच हसले. 1896चा जन्म, आईबाप लहानपणीच गेलेले, खेतवाडीत मामांकडे वाढलेला पोरगा. छंद कसला, तर छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायच्या! त्यातली एक वेगळी निघाली, गळ्यावर पिवळा ठिपका. मामा अमीरुद्दीन तैयबजींनाही ओळखेना. त्यांनी चिठ्ठी दिली आणि पाठवलं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, मिलार्डसाहेबांकडे. 1883ची संस्था ती, सगळे साहेब लोक. दहा-बारा वर्षांचं पोर, हातात कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी, पाय लटपटतायत. मिलार्डनी काय करावं? चिमणी ओळखून दिली, पीतकंठी. आणि कपाटाचे खण एकामागून एक उघडून भरलेले पक्षी दाखवत बसले. वाचायला पुस्तकं दिली. पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहे.

आता आमच्या ग्रुपवर आणा बरं तो मुलगा! नाव नाही, गाव नाही, पहिलाच मेसेज मेलेल्या पक्ष्याचा फोटो, शेजारी बंदूक. ॲडमिनकाकांनी दोन मिनिटांत रिमूव्ह केलं असतं, आणि नाहूरच्या ताईंनी वनखात्याला फोन. मॅडमनी पुढे हेही लिहिलं की मोठेपणी त्यांना झूलॉजिकल सर्व्हेत पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही ती डिग्री नाही म्हणून. किहीमला जाऊन राहिले आणि सुगरणींची घरटी बघत बसले, ते सगळं त्यानंतरचं.

मतदान थांबलं. ॲडमिनकाकांनी मोठ्या मनाने टिंबाला लिहिलं, 'कृपया आपला परिचय द्यावा, व घुबडाबाबत विचारण्याचे प्रयोजन कळवावे.' प्रयोजन! जसं काही लॉकर उघडायचाय.

आणि ऐका, व्हॉइस नोट आली. बारीक आवाज, मागे कुकरच्या शिट्ट्या. 'काका, मी आठवीत आहे. फोन पप्पांचा आहे. पप्पांना नाव टाकता येत नव्हतं म्हणून टिंब टाकलं. माझ्याकडे घुबडाने ओकलेले गोळे आहेत, डबाभर. पण घुबड अजून दिसलं नाही, म्हणून विचारलं. सॉरी काका.'

ग्रुपवर निळ्या खुणा उमटत गेल्या, बोलेना कोणी. शेवटी नाहूरच्या ताईंनी काय लिहिलं असेल? 'मला आधीच वाटलं होतं, लहान मूल आहे.' घ्या!

पुढच्या रविवारी भांडुपच्या पंपिंग स्टेशनला आम्ही जमणारच होतो. फ्लेमिंगो अजून यायचे होते, पण चिखलात तुतवार वगैरे असतात. ती आली, दोन वेण्या, शाळेचे बूट, बरोबर वडील. वडील आपले लांबच उभे, हातात टूलची पिशवी, तिथूनच कामाला जाणार. आणि अहो, तिने काजूकतलीचा डबा उघडला! आत राखाडी गोळे, अंगठ्याएवढे, रांगेत ठेवलेले. घुबड उंदीर सगळाच्या सगळा गिळतं ना, मग हाडं आणि केस पचत नाहीत, त्याचा गोळा करून ओकून टाकतं. पोरीने काही गोळे पाण्यात भिजवून, सुईने सोडवून, आतल्या कवट्या कार्डबोर्डवर चिकटवल्या होत्या. उंदीर वेगळे, चिचुंद्र्या वेगळ्या. खाली तारखा. मॅडम तिथे मातीत बसल्याच खाली. कॉटनची साडी हो, नवी.

चहाच्या वेळी मॅडमनी अगदी सहज, कोणाकडेही न बघता, त्या कर्नलची गोष्ट काढली. मायनर्ट्झहागेन. त्या काळी पक्ष्यांच्या दुनियेत केवढं नाव! हा माणूस 1937मध्ये सलीम अलींबरोबर अफगाणिस्तानात गेला होता, आणि डायरीत त्यांच्याबद्दल नको नको ते लिहून ठेवलं. सलीम अलींनी त्यातलं पुढे आपल्याच आत्मचरित्रात छापलं, काय म्हणावं त्या माणसाला! तर हे कर्नलसाहेब म्युझियममधून पक्षी चोरायचे आणि आपल्या नावाच्या, भलत्याच गावाच्या चिठ्ठ्या लावायचे. आपल्या खानदेशातला रानपिंगळा आहे ना, तो डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने मिळवलेला. यांनी तो ढापला आणि चिठ्ठी लावली, मांडवी, गुजरात, 1914. त्या चिठ्ठीच्या भरवशावर लोक भलतीकडे शोधत राहिले. 1884नंतर खरी नोंदच नव्हती. पामेला रासमुसेनबाईंनी त्याचे एक्स-रे काढून, आत भरण कसं भरलंय ते बघून चोरी पकडली, आणि खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागी शोधायला आल्या. 1997च्या नोव्हेंबरात, शहाद्याजवळ, दिवसाउजेडी रानपिंगळा समोर बसलेला! 113 वर्षांनी! आता तर 2014मध्ये तानसालाही मिळाला, आपल्या पाण्याच्या तलावाजवळ.

'इतकी वर्षं कोणी विचारलं कसं नाही?' पोरीने विचारलं.

'कर्नल होते ना,' मॅडम म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

मी भाऊंकडे बघितलं. बघणारच ना मी! ते लेन्सचं टोपण लावत होते. लावलेलं काढून परत लावत होते. तो पांगाऱ्याचा फोटो त्याच रात्री डिलीट झाला. 'डिलीट केला' असं तिथे लिहून येतं, ते त्यांना माहीत नसावं.

पण खरी गंमत पुढेच आहे. मॅडमनी विचारलं, गोळे मिळाले कुठे? तर पोरगी म्हणाली, 'पप्पांबरोबर कामाला गेले होते, त्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली.' कुठली बिल्डिंग? तिने नाव घेतलं आणि ॲडमिनकाकांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. त्यांचीच! हे तिथले सेक्रेटरी. गेल्याच महिन्यात यांनी नोटीस लावलेली, 'टाकीखालील कबुतरांची घाण वॉचमनने रोज झाडावी.' आणि ग्रुपवर दोन वर्षं सांगतायत, मुलुंडमधून गव्हाणी घुबड गेलं, आमच्या लहानपणी होतं, आता काय राहिलंय!

त्याच संध्याकाळी सगळे गच्चीवर. सात वाजून गेले असतील. टाकीच्या मागच्या डक्टमधून ते निघालं, पांढरंशुभ्र, पंखांचा एवढासाही आवाज नाही. भाऊंनी फ्लॅश काढला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. काकूंनी मात्र हात जोडले आणि विचारलं, हे अशुभ असतं ना हो? काका म्हणाले, उंदीर खातं, अशुभ कसलं, पेस्ट कंट्रोलचे पैसे वाचले. आता म्हणे वॉचमनला सांगितलंय, गोळे झाडायचे नाहीत, डब्यात ठेवायचे.

ती पोर आता ग्रुपवर नावाने आहे. वडिलांचीही मुलुंडात चार नवी गिऱ्हाइकं झाली, ते एक बरं झालं. आणि परवा काय झालं, तेवढं सांगून जाते. पुन्हा नवा नंबर आला. डीपीला हेल्मेट घातलेला माणूस. पहिलाच प्रश्न, 'खंड्याचं घरटं जवळपास कुठे बघायला मिळेल?' आम्ही सगळे गप्प, शिकलोय ना आता. ॲडमिनकाकांनी तर 'सुस्वागतम' टाइपसुद्धा करायला घेतलं होतं. पण त्याआधी पोरीचा मेसेज आला:

'आधी पूर्ण नाव सांगा, काका. आणि कोणी ॲड केलं तेही.'