श्वानमार्जारांच्या कारभाऱ्यास नियमावली

ज्या गृहस्थाने चिरंजीवांच्या हट्टापायी कुत्र्याचे अथवा मांजराचे पिल्लू घरी आणले, त्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की त्या घटकेपासून घराची मालकी दुसऱ्याच्या नावे चढली असून आपली नेमणूक बिनपगारी कारभारी या जागेवर कायम झाली आहे. धन्याच्या स्वभावाची चिकित्सा कारभाऱ्याच्या अखत्यारीत येत नाही. प्रकृतीची मात्र येते. आणि ही प्रकृती बिघडविण्याच्या कामी पिसवा, गोचीड आणि जंत हे तिघे ज्या वक्तशीरपणे अहोरात्र खपत असतात तो पाहता, कोणत्याही कचेरीने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारच करावा. सबब, त्यांच्या तोडीचा वक्तशीरपणा कारभाऱ्याच्या अंगी बाणावा एवढ्याच हेतूने पुढील कलमे लिहिली आहेत.

कलम पहिले : पिसवा. अंगावर पळताना दिसणाऱ्या पिसवा हा एकंदर प्रजेचा जेमतेम विसावा हिस्सा होय; उरलेली प्रजा अंडी, अळ्या व कोष यांच्या रूपाने सतरंजीत, सोफ्याच्या खाचेत आणि धन्याच्या अंथरुणात निर्वेध नांदत असते. एक मादी दिवसाकाठी चाळीस-पन्नास अंडी घालू शकते, आणि कोषातली पिसू तर महिनोन् महिने दम धरून बसते व पावलांचा हादरा जाणवताच बाहेर पडते. मे महिन्यात घराला कुलूप लावून गावी गेलेल्या कुटुंबाचे परतल्यावर जे उत्स्फूर्त स्वागत होते, त्याचे रहस्य हेच. संशय येताच पंचनामा करावा. बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडाशी फिरवून जो काळा चुरा निघेल तो ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावा. त्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसवांनी पचवून टाकलेले धन्याचेच रक्त होय. मग घरातील यच्चयावत् प्राण्यांना एकाच वेळी औषध लावावे, अंथरुणे कढत पाण्यात धुवावीत आणि हा क्रम निदान तीन महिने मोडू नये. मात्र कुत्र्याचे उरलेले औषध काटकसरीच्या बुद्धीने मांजराला लावू नये. त्यात पर्मेथ्रिन असल्यास ती काटकसर मांजराच्या जिवावर बेतते.

कलम दुसरे : गोचीड. कानांच्या घड्या, बोटांच्या बेचक्या आणि गळपट्ट्याखालची जागा ही यांची वतने. तेथे रोज सायंकाळी तपासणी व्हावी. गोचीड सापडताच आळीतील अनुभवी मंडळी रॉकेल, चुना व पेटती उदबत्ती असे तीन उपाय एका दमात सुचवतील. त्यांचे आभार मानावेत, आणि चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून, न चिरडता, सरळ ओढून काढावा. रक्त पिऊन टरारलेली मादी निसटली तर भिंत चढून फटीत हजारोंनी अंडी घालते. म्हणून भिंतींच्या भेगा बुजवल्यावाचून हा बंदोबस्त पुरा झाला असे समजू नये. धन्याने अन्न सोडले, ताप चढला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर हा गोचिडांपासून आलेला ताप असण्याचा संभव आहे. तेव्हा ‘उद्या बघू’ हा शेरा न मारता डॉक्टर गाठावा.

कलम तिसरे : जंत. कुत्र्याची पिल्ले पुष्कळदा हा वारसा आईच्या पोटातूनच घेऊन येतात. यास्तव दोन आठवड्यांच्या वयापासून बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्यास, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी, वजनाच्या मानाने, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्यावे. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसल्यास धन्याने पिसू गिळली असे समजून कलम पहिले पुन्हा वाचावे. गोळी पनीरमध्ये दडवून देण्याचा प्रघात आहे. कुत्रा पनीर तेवढे खाऊन गोळी चाटून-पुसून लख्ख अवस्थेत कारभाऱ्याच्या पायाशी परत करतो, आणि मांजर ती गिळल्याचा बहाणा करून कपाटामागे जमा करते. अशा वेळी धीर सोडू नये व दुसरी गोळी फोडावी.

कलम चौथे : आहार व विहार. धन्याच्या बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, परंतु हाताला लागाव्यात. न लागल्यास दोष आजीबाईंच्या मायेचा समजावा, आणि तो त्यांना सांगण्याचे धाडस सुनेने करू नये. कांदा, लसूण, मनुका व चॉकलेट कुत्र्यास वर्ज्य होत. मांजर जन्मतः मांसाहारी असून टॉरीन नावाच्या घटकावाचून त्याची दृष्टी व हृदय दोन्ही ढासळतात, सबब आपल्या चतुर्थीत त्यास भागीदार करू नये. दुधाची वाटीही बहुतेक मांजरांच्या पोटाला सोसत नाही. कुत्र्यास दोन वेळ फिरवावे, आणि मांजरापुढे दिवसातून दोन-चारदा दोरी नाचवावी. दोरी नाचवणारा दमला आणि मांजर नुसते पाहत राहिले, तरी निदान एकाचा व्यायाम झाला असे मानावे.

कलम पाचवे : लस. ‘आमचा कुठे बाहेर जातो’ ही सबब रेबीजच्या दरबारी चालत नाही. साधारण तिसऱ्या महिन्यात पहिली लस टोचावी व पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखेस न चुकता टोचीत राहावी. मांजराचे अंग तापले म्हणून घरातली पॅरासिटॅमॉल त्यास कदापि देऊ नये. एक गोळीही त्याचा प्राण घेऊ शकते.

या नियमावलीत कारभाऱ्याच्या रजेची तरतूद नाही, याबद्दल कोणी तक्रार करू नये. पिसवांच्या नियमावलीतही ती नाही.