नकार द्या, पण लेखी द्या

प्रति,
माननीय मुख्याध्यापक व व्यवस्थापन समिती,
दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम व फरिदाबाद येथील समस्त नामांकित खासगी शाळा

विषय : विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांचा आपणांस होणारा उपद्रव व त्यावरील एक बिनखर्ची उपाय

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपली बाजू या देशात कुणीच मांडत नाही. ऑटिझम, डिस्लेक्सिया किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांना वर्तमानपत्रं सहानुभूती देतात, न्यायालयं निकाल देतात, संसद तर थेट कायदेच देते. आपल्या वाट्याला येतात ते फायली काखोटीला मारून आलेले हे पालक. वास्तविक आपण काय कमी केलंय? माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर व्हीलचेअरमधलं हसरं मूल छापलंत. २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनी, सगळ्या शाळेला निळे कपडे घालायला लावलेत. फाटकाशी रॅम्प बांधलात आणि तो ओकाबोका दिसू नये म्हणून त्यावर कुंड्याही मांडल्यात. इतकं करूनही द्वारकेतलं किंवा इंदिरापुरममधलं एखादं जोडपं समोर बसतं आणि विचारतं, ‘मग आमच्या मुलाला घेणार ना?’ याला कृतघ्नपणा नाही तर काय म्हणायचं?

या प्रश्नाला आपण जे उत्तर देता त्याचं मला मनापासून कौतुक आहे. आपण कधीही ‘नाही’ म्हणत नाही. चहा मागवता, मुलाच्या गालाला हात लावता आणि हळहळत म्हणता, ‘बच्चा बहुत प्यारा है, पर हमारे यहां उसके साथ न्याय नहीं हो पाएगा.’ मूल आधीच शाळेत असेल तर रीत जरा लांबते. आधी डायरीत शेरे येतात : वर्गात उठून फिरतो, वही अपुरी, येऊन भेटा. मग ऐन कामाच्या वेळी फोन येतो की आज त्याला लवकर घेऊन जा. मग सहलीच्या यादीतून, ‘त्यालाच त्रास होईल’ म्हणून, त्याचं नाव गळतं. शेवटी एक हमीपत्र पुढे सरकतं. ठरल्या मुदतीत सुधारणा न झाल्यास आम्ही स्वखुशीने दाखला काढून घेऊ, असं त्यात पालकांनी लिहून द्यायचं असतं. या सगळ्यात शाळेच्या सहीचा एकही कागद तयार होत नाही. जो एकमेव कागद तयार होतो, त्यावर सही पालकांची असते. नको असलेल्या भाडेकरूला ‘आमचा जिना तुम्हाला झेपायचा नाही’ असं सांगणारा घरमालकही आपल्यापुढे कच्चा वाटावा. नकार लिहून दिला की त्याला तारीख येते, कारण येतं, सही येते आणि मग त्याविरुद्ध दाद मागता येते. सल्ल्याविरुद्ध दाद कुठे मागणार?

हे कौशल्य आपल्याला कमवावं लागलं, कारण कायदा आपल्या बाजूने नाही. शिक्षणहक्क कायदा २००९चा. २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश ‘वंचित गटा’त झाला. दिल्लीत खासगी शाळांच्या प्रवेशवर्गातल्या २५ टक्के राखीव जागांपैकी २२ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल व वंचित गटांसाठी आणि ३ टक्के विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी असतात; त्यांची सोडत शिक्षण संचालनालय काढतं. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम तर आणखी आडमुठा. त्याचं कलम १६ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक संस्थेला लागू व्हावं अशा बेताने लिहिलंय. भेदभाव न करता प्रवेश, मुलागणिक योग्य त्या सोयी, गरजेप्रमाणे मदत, प्रगतीवर लक्ष, आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं, ही सारी कामं त्यात संस्थेच्या नावावर आहेत. पालकांच्या नावावर काहीच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९मध्ये सरकारी आणि महापालिकेच्या प्रत्येक शाळेत किमान दोन विशेष शिक्षक नेमा, असं सांगितलं. तेव्हा आपण नि:श्वास सोडला असेल. मग सप्टेंबर २०१२मध्ये त्याच न्यायालयाने खासगी विनाअनुदानित शाळांनाही विशेष शिक्षक नेमण्याचा आणि इमारती अडथळामुक्त करण्याचा आदेश दिला. दोन्ही वेळा न्यायालयात गेली होती ‘सोशल ज्युरिस्ट’ ही नागरी हक्क संघटना. यमुनेपलीकडे नोएडात किंवा सीमेपलीकडे गुरुग्राममध्ये दिल्लीच्या संचालनालयाचा हुकूम चालत नाही हे खरं. पण वरचे दोन्ही कायदे केंद्राचे असल्यामुळे ते टोलनाक्यावर थांबत नाहीत.

म्हणजे कर्तव्य शाळेचं आणि अंमलबजावणी पालकांची, अशी कामाची वाटणी झाली आहे. कलम पाठ करणं, प्रत्येक भेटीनंतर ‘आज आपण असं म्हणालात’ असा मेल पाठवणं, त्याचं उत्तर आलं नाही की पुन्हा पाठवणं, हे सगळं सरकारी निरीक्षकाचं काम बहुधा त्या मुलाची आई करते, तेही बिनपगारी. ती चिकाटी सोडत नाही म्हणून आपण तिला ‘आक्रमक’ म्हणता. वाट शेवटपर्यंत तुडवली तर काय होतं, हेही समोर आहे. जुलै २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सौम्य ऑटिझम असलेल्या एका मुलीला तिच्या खासगी शाळेत दोन आठवड्यांत परत घ्यायला सांगितलं आणि पालकांनी नेमलेल्या मदतनीस शिक्षिकेसह वर्गात बसू द्यायला सांगितलं. निकाल पालकांच्या बाजूने लागला, पण तोवर मूल त्या शाळेबाहेर दोन वर्षांहून अधिक काळ होतं. उलट बाजूचा जमाखर्च पाहा : अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दंड जास्तीत जास्त १० हजार रुपये. दिल्ली परिसरातल्या कित्येक शाळांची एका महिन्याची फी याहून अधिक आहे. वेळ ज्याच्या बाजूने आहे, त्याला नकार लिहून द्यायची घाई कशाला असेल?

आता आपल्या अडचणींकडे येतो. त्या सगळ्याच बनावट आहेत असं मी म्हणणार नाही. पहिली अडचण : बाकीच्या मुलांचं नुकसान होतं. चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल किंचाळू लागलं की बाईंचा तास बुडतो, हे खरं आहे. पण त्यावरून निष्कर्ष निघतो तो वर्गात आणखी एक प्रौढ माणूस हवा, एवढाच. मूल बाहेर हवं, हा निष्कर्ष आपण मधली पायरी गाळून काढता. शिवाय दिल्लीतच, कडकडडूम्यात, अमर ज्योती ही शाळा १९८१पासून दिव्यांग आणि बिगरदिव्यांग मुलांना जवळपास समसमान संख्येने एकाच वर्गात शिकवते आहे. चाळीसांत एक जड जातं अशी तक्रार करणाऱ्यांनी मेट्रोने जाऊन हे निम्म्याला निम्मं पाहून यायला हरकत नाही.

दुसरी अडचण शिक्षकांची आणि खर्चाची. यात तथ्य आहे, आणि त्यातला दोष एकट्या आपल्या पदरात घालणं अन्यायाचं होईल. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं. केंद्राने सप्टेंबर २०२२मध्ये ते ठरवलं : प्राथमिकला दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. आणि मार्च २०२५मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की निदान किती पदं लागतील ते तरी जाहीर करा. सरकारच असं वागत असेल तर आपण पुढे का धावावं, असं आपण विचाराल. फरक इतकाच की सरकार ती टंचाई पालकांच्या बिलात टाकत नाही. आपल्याकडे मात्र ‘शॅडो टीचर (म्हणजे मुलासोबत वर्गात बसणारी मदतनीस शिक्षिका) आणा, तरच’ ही अट असते आणि त्या शिक्षिकेचा पगार पालकांच्या खिशातून जातो. कायद्याला शाळेचीही काळजी आहे. योग्य सोयींच्या व्याख्येतच ‘अवाजवी भार पडत नसेल तर’ अशी पळवाट ठेवली आहे. ती वापरायची तर भार किती आणि तो अवाजवी का, हे आकड्यांत मांडावं लागतं. चहा पिता पिता ते मांडता येत नाही, हीच काय ती गैरसोय.

तिसरी अडचण आपण सर्वांत मायेने सांगता : विशेष शाळेतच त्याचं भलं होईल. कदाचित होईलही. काही मुलांना छोटा वर्ग, शांत खोली आणि रोजची थेरपी लागते, आणि तसं मानणारे पालकही पुष्कळ आहेत. अधिनियमाच्या कलम ३१नेही ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मात्र त्यात निवड मुलाची म्हटली आहे, मुख्याध्यापकांची नाही. शिवाय विशेष शाळेत पाठवलेल्या मुलाचं पुढे काय झालं, याची चौकशी करण्याची आपल्याकडे प्रथा नाही. युनेस्कोच्या भारताविषयीच्या २०१९च्या अहवालानुसार पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश मुलं कोणत्याही शैक्षणिक संस्थेत जात नव्हती, तर ५ ते १९ वयोगटात हे प्रमाण एक चतुर्थांश होतं. एका दारातून प्रेमाने दुसरीकडे पाठवलेलं मूल दुसऱ्या दारात पोचतंच, हे गृहीत धरायला हे आकडे पुरत नाहीत.

चौथी अडचण दबक्या आवाजात सांगितली जाते : पालक सवलती लाटण्यासाठी प्रमाणपत्रं आणतात. सीबीएसईच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो, त्याचा मोह. असे कुणी असतीलही. त्यांना पकडायला सरकारी रुग्णालयाची तपासणी आहे. पण आपल्या दारी येणारी मोठी गर्दी उलट तक्रार घेऊन येते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत मिळत नाही, आणि पहिलीतल्या मुलाच्या आईकडे आपण तेच मागता. ती वाचू न शकणारं मूल घेऊन उभी असते, आणि ते ओळखण्याचं काम कलम १६ने ज्याच्याकडे दिलंय तोच तिला विचारतो की कागद कुठाय. बरं, ४० टक्क्यांचा आकडा गाठला नाही म्हणून सोयी नाकारता येतात, हीही समजूत उरलेली नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने विकास कुमार खटल्यात स्पष्ट केलं की ती टक्केवारी कायद्याने जिथे मागितली आहे तिथेच लागते. योग्य सोयींचा हक्क तिच्यावर टांगलेला नाही.

या सगळ्यातून वाट एकच निघते, आणि तिला खर्च आहे एका लेटरहेडचा. पालकांना नकार द्या, पण लेखी द्या. मसुदा सोबत जोडतो :

‘आपल्या पाल्यास इयत्ता ____ मध्ये प्रवेश देणे / पुढे ठेवणे शाळेस शक्य नाही. पाल्यास पुढील सोयी लागतील असे आमच्या विशेष शिक्षकांचे मत आहे : ____. यांपैकी आम्ही पुढील सोयी देऊन पाहिल्या : ____. उरलेल्यांचा वार्षिक खर्च रु. ____ इतका असून तो अवाजवी आहे, कारण ____. सबब कलम १६चे कर्तव्य आम्हास या प्रकरणी लागू होत नाही असे आम्ही मानतो. सही, शिक्का, दिनांक.’

मसुद्याचा फायदा आपलाच आहे. ज्या शाळेने खरोखर प्रयत्न केले, तिच्या रिकाम्या जागा पाच मिनिटांत भरतील आणि आक्रमक पालकांसमोर तिच्या हातात ढाल येईल. ज्या शाळेला विशेष शिक्षकाच्या ओळीतच नाव सुचणार नाही, तिलाही आपण नेमकं कुठे उभे आहोत ते कळेल. आपण म्हणाल, हा कागद घेऊन पालक दिव्यांग आयुक्तांकडे जातील. जातील ना. कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेतच. आपण ती आधीच दिलीत तर सरकारचा तेवढा वेळ वाचेल. वकील वाढतील, अविश्वास वाढेल, अशीही एक भीती आहे. आजचा अविश्वास कागद नसल्यामुळे आहे. जे बोललं गेलं ते नाकारता येतं, हे ठाऊक असलेले दोघे समोरासमोर बसतात तेव्हा एक जण आवाज चढवतो आणि दुसरा हळहळतो. आणि असे शंभर नकार एका टेबलावर जमले तर शिक्षण विभागालाही कळेल की किती शिक्षक कमी आहेत आणि किती शाळा नुसत्याच निळे कपडे घालतात. आज हा हिशेब कुणाकडेच नाही, कारण आपल्या दफ्तरी एकाही मुलाला नकार दिल्याची नोंद नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक हितचिंतक

ता. क. : या पत्राची पोच लेखी द्यावी. ‘एकदा येऊन भेटा, चहा घेऊ’ असे कळवू नये.